डब्याचा रंग

संघप्रियाने माउस डब्यावर नेला आणि डबा राखाडी झाला. माउस बाजूला घेतला, डबा पुन्हा पांढरा. आत नेला, राखाडी. बाहेर काढला, पांढरा. शनिवारची सकाळची शाळा केव्हाच सुटली होती, संगणक कक्षातले बाकीचे पडदे काळे होते, आणि ती खुर्चीच्या टोकावर बसून हा एकच खेळ खेळत होती. पुढच्या वेळी तरी डबा काहीतरी वेगळं करेल, असं तिला वाटत असावं.

पडद्यावर तीन मोठी बटणं होती. एकावर दप्तराचं चित्र, एकावर कंपासपेटीचं, एकावर जेवणाच्या डब्याचं. शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक यंदा पहिल्यांदाच चिठ्ठ्या न टाकता संगणकावर झाली होती, आणि ते मतदान यंत्र पायथनमध्ये लिहिलं होतं नववीतल्या संघप्रियाने. दप्तर ही तिची स्वतःची निशाणी. कंपासपेटी बसवराजची. डबा चैतालीचा. माउस ज्या बटणावर जाईल ते बटण रंग बदलायचं, म्हणजे मत देणाऱ्याला कळावं आपण कुठे आहोत. मग टिचकी मारली की मत पडायचं. दप्तर हिरवं व्हायचं. कंपासपेटी पिवळी. डबा राखाडी.

काल निकाल लागला. मुख्यमंत्री संघप्रिया. थोड्याच मतांनी, पण मुख्यमंत्री.

फळ्याच्या वर, भिंतीवर, बिराजदार सरांनी निळ्या ऑइलपेंटने लिहून घेतलेलं एक वाक्य होतं: ‘राखाडी बटण बंद असते. त्यावर टिचक्या मारू नयेत.’ बंद बटणांवर टकाटका टिचक्या मारून पोरांनी माउस मोडले होते, म्हणून सरांनी हा उपाय काढला. पाचवीचा वर्ग पहिल्यांदा या खोलीत आला की चपला काढायच्या, ओळीत बसायचं, आणि ते वाक्य मोठ्याने, सुरात, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. या शाळेत तेराचा पाढा न येणारं पोरगं सहज सापडलं असतं. राखाडी म्हणजे बंद, हे माहीत नसलेलं एकही सापडलं नसतं.

संघप्रियाने कोड उघडला. डब्यासमोर रंगाचं इंग्रजी नाव होतं, इवलंसं. ते खोडून तिने जांभळा रंग लिहिला आणि यंत्र चालू करून पाहिलं. डबा जांभळा झाला. छान, पिकल्या अंजिरासारखा. एका शब्दाचं काम होतं.

गुरुवारी संध्याकाळीही एका शब्दाचंच होतं.

*

जूनपर्यंत संघप्रिया वर्गातली अशी मुलगी होती, जिचं नाव हजेरीत आलं की बाई मान वर करून शोधत. मग बिराजदार सरांनी पायथन शिकवायला घेतलं, आणि एका मंगळवारी तिने एक बटण केलं. दाबलं की लाल, पुन्हा दाबलं की निळं. एवढंच. पण ते तिने केलं होतं. तिने सांगितलं आणि रंगाने ऐकलं. घरात धाकटा भाऊ ऐकत नव्हता, केस ऐकत नव्हते, रंगाने ऐकलं. तिने ते बटण सरांना दाखवलं, वर्गाला दाखवलं, कक्ष झाडायला येणाऱ्या नागम्मा मावशींचा हात धरून त्यांनाही दाबायला लावलं. मावशींनी दोनदा दाबलं आणि म्हणाल्या, “आता बंद कर की गं, बिल येतंय.” पण हसल्या.

त्यानंतर ती पुढच्या बाकावर बसायला लागली. हात वर करायला लागली. मंत्रिमंडळाची निवडणूक आली तेव्हा सरांना म्हणाली, “सर, मी यंत्र करते.” आणि दुसऱ्या दिवशी, जरा थांबून, “सर, मी उभी पण राहते.”

बिराजदार सरांना त्यात काही गैर वाटलं नाही. त्यांचा तिच्यावर विश्वास होता. शिवाय तिचे पप्पा महापालिकेत लिपिक, दर निवडणुकीला त्यांची ड्युटी लागायची. ते मुद्दाम शाळेत येऊन सगळी पद्धत सांगून गेले होते. फ्रिजच्या खोक्याचा आडोसा त्यांचाच. आधी खोटं खोटं मतदान करून दाखवायचं, त्याला अभिरूप मतदान म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. त्यासाठी संघप्रियाने बटणांखाली तीन आकडे दिसतील अशी पट्टी केली. खऱ्या मतदानाच्या वेळी ती लपवायची.

अभिरूप मतदान गुरुवारी दुपारी झालं. सगळ्यांसमोर. दप्तर दाबलं की दप्तराचा आकडा वाढला, डबा दाबला की डब्याचा. एकही मत इकडचं तिकडे झालं नाही. फक्त पाचवीच्या पोरांना बाण कुठे आहे तेच कळेना, तेव्हा सर म्हणाले, “जरा रंग घाल गं त्यात. कुठं आलो ते दिसू दे त्यांना.”

त्याआधी सकाळी, प्रार्थनेनंतर, उमेदवारांची भाषणं झाली होती. संघप्रियाने भाषण आठवडाभर आरशासमोर केलं होतं. त्यात संगणक मंडळ होतं, भित्तिपत्रक होतं, एक इंग्रजी वाक्यही होतं. टाळ्या नीट पडल्या. मग चैताली उठली, आणि काही पाठ न करता म्हणाली, “मला एकच काम करायचंय. मुलींच्या बाथरूमला कडी लावायची. एकीनं दार धरायचं आन् एकीनं आत जायचं, आन् दार धरणारीला कुणी हाक मारली की संपलं.” सगळ्या मुली हसल्या. आणि हसता हसता टाळ्या वाजवायला लागल्या, आणि थांबेनात. सातवीची एक मुलगी उभी राहून वाजवत होती.

संध्याकाळी रंग घालायचे म्हणून संघप्रियाने दोघांना विचारलं. बसवराज म्हणाला, पिवळा. चैताली सायकलचं कुलूप काढत होती. “कोणता पण दे गं. रंगानं काय होतंय?”

कक्षात परत येऊन संघप्रियाने आपल्या दप्तराला हिरवा दिला. बसवराजला पिवळा. चैतालीला कोणता पण.

बोटांनी तो शब्द लिहिला. यंत्र चालू केलं, माउस डब्यावर नेला, डबा राखाडी झाला. तिने भिंतीकडे पाहिलं. मग पडद्याकडे. माउस आत, बाहेर, आत. बाहेरून नागम्मा मावशींनी किल्ल्यांचा जुडगा दारावर वाजवला, “बेगा बेगा आटप, मला बस हाय.” तिने फाइल सेव्ह केली. मावशी वाट बघत होत्या म्हणून. चैतालीच म्हणाली होती, कोणता पण.

दुसऱ्या दिवशी मतदानाच्या वेळी उमेदवारांना कक्षाच्या बाहेर थांबायचं होतं. संघप्रिया नळावर बाटली भरत होती. पाचवीच्या दोन मुली मत देऊन बाहेर आल्या, बोटावरची स्केचपेनची शाई फुंकत.

“डबा बंद होता.”

“माझा पण.”

“मग?”

“मग काय, दप्तर दाबलं.”

बिराजदार सर तिथेच, व्हरांड्याच्या खांबाला टेकून चहा पीत होते. हाक मारली असती तर वळले असते. बाटली भरून वाहायला लागली, पाणी तिच्या बुटावर पडलं. तिने नळ बंद केला, झाकण लावलं, ते घट्ट झालं होतं तरी आणखी फिरवलं.

*

आता जांभळ्या डब्याची फाइल तिने ‘मतदान नवीन’ या नावाने ठेवली. सोमवारी शपथविधी होता. पाहुण्यांसमोर यंत्र चालवून दाखवायचं, तयार करून ठेव, असं सर सांगून गेले होते. तयार झालं. काढून टाकायची राहिली होती ती जुनी फाइल. तिने बाण तिच्यावर नेला.

“काय करायलीस गं, मुख्यमंत्री?”

चैताली दारात उभी होती, एका हातात चपला, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. खराखुरा.

“सोमवारचं,” संघप्रिया म्हणाली आणि पडद्यावरची खिडकी खाली घेतली.

“मी तुला गेटपासून शोधायलेय. हे घे, खा. आईनं कडक भाकरी दिलीय, शेंगाचटणी लावून. उरली तर घरी बोलणी बसतील.” ती शेजारच्या खुर्चीत बसली, खुर्ची गोल फिरवली, पुन्हा जागेवर आली. “एक काम होतं.”

“काय?”

“कडीचं. तू आता दर महिन्याला हेडसरांसमोर बसणार. तर तूच सांग की.”

“सांगते.”

“पहिल्याच मीटिंगला. ते भित्तिपत्रक नंतर.”

“हो गं. सांगते म्हटलं ना.”

“तसं नाही. तू विसरणार नाहीस, माहितीये मला. मी आपलं बोलायलेय.” चैतालीने भाकरी मोडून एक तुकडा तिला दिला, एक आपण घेतला. कडक भाकरी मोडल्याचा आवाज रिकाम्या खोलीत मोठा झाला. “मी मत तुलाच दिलंय. सांगितलं का तुला?”

संघप्रियाने मान हलवली. नाही.

“खरं सांगू? मला माझंच दाबायचं होतं. कुणाला नसतंय? माउस नेला, तर डबा बंद. आधी वाटलं, बिघडलं की काय. ओरडणारच होते सरांना. मग डोक्यात आलं. आत जायच्या आधी तिथं नंबर घालून घेतात ना आपला, त्यावरून त्याला कळत असणार, कोण आलंय ते. उमेदवारानं स्वतःलाच मत देऊ नये म्हणून केलंय हिनं, म्हटलं.” ती तोंडातला घास संपवून पुढे म्हणाली, “लई डोकं चालवलंस. मी यंत्र केलं असतं तर मला सुचलं पण नसतं.”

नंबर फक्त एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून होता. यंत्राला कोण आलंय ते कळत नव्हतं. संघप्रियाने तोंड उघडलं. जिभेवर शेंगाचटणीचा तिखट दाणा होता.

“मग म्हटलं, बसवराज का संघप्रिया? बसू काय, आरोग्यमंत्री झाला तरी नखं कापणार नाही. दिलं तुला.” चैताली हसली, आणि हसता हसता सहज विचारलं, “तू कुणाला दिलंस? तुझं पण बंदच झालं असणार की.”

शुक्रवारी संघप्रिया सर्वांत शेवटी आत गेली होती. खोक्याच्या आडोशात उभी राहून तिने माउस दप्तरावर नेला होता आणि दप्तर हिरवंगार झालं होतं.

“बसवराजला,” ती म्हणाली.

“बघा. मी हिला देतेय, आन् ही त्या बसूला.” चैतालीने तिच्या दंडावर एक चापट मारली. “जाऊ दे. त्याच्या आईला तेवढंच बरं वाटंल.”

मग खुर्ची पुढे ओढून तिने पडद्याकडे हनुवटी उडवली. “ए, मला शिकव की ते रंगाचं. हात लावला की बदलतंय ते.”

“आज नको. मावशी बंद करायला येतील.”

“थोडंसं.”

“नको म्हटलं ना.”

आवाज जरा चढला. चैतालीने डब्याचं झाकण लावलं, एक कड नीट बसेना, ती तळहाताने दाबून बसवली. “बरं. सोमवारी मग,” ती म्हणाली, आणि उरलेली भाकरी कागदात गुंडाळून संघप्रियाच्या वहीवर ठेवून गेली.

संघप्रियाने संगणक बंद केला. जुनी फाइल काढायची राहिली, हे तिला सायकलवर बसल्यावर आठवलं. ती परत फिरली नाही.

*

घरी पप्पांनी जिलेबी आणली होती. शेजारच्या पारूबाईंना देऊन झाली होती, वरच्या मजल्यावर देऊन झाली होती, आणि प्रत्येक दारात पप्पा थांबून सांगून आले होते की यंत्रही तिचंच.

“अभिरूप मतदान केलं होतं ना नीट?” त्यांनी ताट पुढे घेत विचारलं.

“केलं होतं.”

“सगळी मतं बरोबर पडली?”

“सगळी.”

“मग झालं. मग कुणाचा बाप काही बोलू शकत नाही.” पप्पांनी जिलेबीचा कडेचा कुरकुरीत भाग तिच्या ताटात टाकला. “मी सांगोल्याकडं ड्युटीला होतो तेव्हा...”

“आलं टेबल,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

टेबलाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सांगोल्याकडच्या कुठल्याशा गावात दुपारी खिडकीतून ऊन यायला लागलं आणि नेमकं यंत्रावरच्या एका नावावर चमकायला लागलं. एक म्हातारे गृहस्थ आडोशाबाहेर येऊन म्हणाले, “त्यातलं मधलं मला दिसंना झालंय.” पप्पांनी मतदान थांबवलं, सगळ्या पक्षांच्या माणसांना बोलावलं, आणि टेबल फिरवलं. वरचे साहेब उशीर का झाला म्हणून ओरडले. एवढीच गोष्ट. पप्पा ती सांगताना दोन्ही हातांनी हवेतलं टेबल उचलून फिरवायचे, आणि आई दर वेळी म्हणायची, ठेवा आता खाली.

संघप्रिया ताटातल्या जिलेबीचा पाक बोटाने ओढत होती. “पप्पा, पण ते मधलं बटण चालू होतं ना?”

“चालू होतं की.”

“मग दाबलं असतं तर मत पडलंच असतं.”

“पडलं असतं,” पप्पा म्हणाले. “दाबलं असतं तर.” आणि त्यांनी हवेतलं टेबल उचललं.

“ठेवा खाली,” आई म्हणाली. “पोरगी जेवेना, तिकडं बघा.”

*

सोमवारी सभागृहात पाचवी पुढे जमिनीवर, दहावी मागे उभी. व्यासपीठावर नव्या मंत्रिमंडळाच्या खुर्च्या आणि टेबलावर शपथेचे कागद, वरचा कागद पंख्याने उडू नये म्हणून त्यावर खडूची पेटी. प्रमुख पाहुण्या शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या मॅडम होत्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, आणि त्यांना गुलाबाचं रोप देऊन झालं होतं. शपथेत ‘कोणताही भेदभाव न करता’ असे शब्द होते. मराठीच्या बाईंनी सकाळी ते संघप्रियाकडून तीनदा म्हणून घेतले, कारण तिथे ती अडखळत होती.

शपथेआधी यंत्र. बिराजदार सरांनी कक्षातला संगणक प्रोजेक्टरला जोडला. व्यासपीठामागच्या भिंतीवर मोठा उजेड पडला आणि त्यात दोन फायली शेजारीशेजारी दिसल्या. ‘मतदान’ आणि ‘मतदान नवीन’.

“नवीनच ना गं?” सर हळूच म्हणाले. “कर चालू. घाबरू नको.”

ती घाबरली नव्हती. जूनपासून ती कुणालाच घाबरत नव्हती. बाण ‘नवीन’वर उभा होता, दोनदा टिचकी, आणि डबा जांभळा होईल, मॅडम टाळ्या वाजवतील, कागदावरची खडूची पेटी कुणीतरी उचलेल. तिने सहज मान वळवली. दुसरी आली म्हणून उपमुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत बसलेल्या चैतालीने तिच्याकडे बघून हवेत दोन बोटं धरली आणि अर्धी फिरवली. कडी लावल्यासारखी. मग भुवया उडवल्या: लक्षात आहे ना?

संघप्रियाने बाण शेजारी सरकवला आणि जुनी फाइल उघडली.

भिंतीवर तीन पांढरी बटणं आली, खाली तीन शून्यं. सर मॅडमना सांगत होते, “ही अभिरूप मतदानाची सोय, मॅडम. सगळं हिनंच केलंय.” संघप्रियाने माउस कंपासपेटीवर नेला. कंपासपेटी पिवळी झाली. मागून कुणीतरी “बसूऽ” केलं, हशा झाला, मॅडमही हसल्या. मग तिने माउस डब्यावर नेला, आणि हात काढून घेतला.

डबा राखाडी झाला आणि राखाडीच राहिला. भिंतीएवढा.

मग पाचवीच्या रांगेतून एक आवाज आला, त्याला दुसरा मिळाला, आणि सवयीने, सुरात, अख्ख्या पाचवीने म्हटलं, “राखाडी बटण बंद असतेऽ. त्यावर टिचक्या मारू नयेतऽ.”

सभागृह हसलं. बिराजदार सरही हसले, आपण शिकवलेलं पाहुण्यांसमोर असं आपोआप आलं म्हणून. मग त्यांची नजर पुन्हा भिंतीवर गेली, आणि चेहऱ्यावरचं हसू विरायला वेळ लागला.

“हे एकच असं का?” मॅडमनी विचारलं.

“चैताली,” संघप्रिया म्हणाली, “इकडे ये.”

चैताली ओढणी सावरत आली. संघप्रियाने तिचा हात धरून माउसवर ठेवला. नागम्मा मावशींचा धरला होता तसा.

“दाब.”

“बंद हाय की गं,” चैताली पुटपुटली.

“दाब.”

टिचकीचा आवाज माइकमधून ऐकू आला. डब्याखालच्या शून्याचा एक झाला.

पाचवीला काही कळलं नाही. सातवीच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, ती आठवीत गेली, आणि तिथून मागे. बिराजदार सरांनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच हातात धरला. संघप्रिया टेबलाजवळ उभी होती, शपथेच्या कागदावरच्या खडूच्या पेटीकडे बघत. हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं.

चैतालीने माउस सोडला नव्हता. ती त्या एकच्या आकड्याकडे पाहत राहिली. मग संघप्रियाकडे पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडे वळली. बाण हळूहळू हलला. डब्यावरून निघाला, डबा पांढरा झाला. कंपासपेटीवरून गेला, ती क्षणभर पिवळी झाली. आणि दप्तरावर येऊन थांबला.

हिरवा उजेड भिंतीवरून खाली आला, मॅडमच्या पांढऱ्या साडीवर, शपथेच्या कागदांवर, दोघींच्या हातांवर.

चैतालीने माउस तिथेच राहू दिला.